निशाणी नांगर

“रविवारी मी मंडळात जाते,” असे मी वर्गात प्रथम सांगितले तेव्हा मैत्रिणींनी विचारले, “कुठल्या गं? गणपतीच्या की महिला मंडळाच्या?” त्यांचा दोष नाही. आपल्याकडे मंडळ म्हटले की वर्गणी, मांडव आणि कर्णा ही त्रिमूर्तीच डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या मंडळाला वर्गणी आहे, महिना वीस रुपये, आणि तीही तिघांची कायमची थकलेली. मांडव नाही. कर्णा तर नाहीच नाही. उलट आमच्यापैकी कुणी जरा मोठ्याने बोलले की खालच्या वाचनालयातून ग्रंथपाल काठीने छत ठोकतात.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या वाचनालयाच्या माडीवर एक खोली आहे. तिच्यात दोन कपाटे, एक लांबलचक टेबल, निरनिराळ्या घरांतून निवृत्त होऊन आलेल्या नऊ खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बसणारी, नोकरीतून निवृत्त झालेली सात-आठ माणसे. हेच आमचे इतिहास मंडळ. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा ही खोली बंद झाली. पुन्हा उघडली तेव्हा दोन खुर्च्या कायमच्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यांतल्या एका खुर्चीवर आता मी बसते.

मी तिथे इतिहासाच्या प्रेमाने गेले असे लिहिले तर आमचे सर हा लेख वाचून हसतील. दुसऱ्या वर्षाला ‘आपल्या गावाचा इतिहास’ असा वीस गुणांचा प्रकल्प होता. सरांनी सांगितले, “माडीवर जा, अण्णांना भेट.” मी वीस गुणांसाठी जिना चढले.

अण्णा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या वहीकडे पाहिले आणि विचारले, “मोडी येते?” मी म्हटले, “नाही.” “मग गावाचा इतिहास कुठून लिहिणार? शेजारणीला विचारून?” एवढे बोलून त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ मारली. “देवनागरीत आपण अक्षर काढतो नि मग वर रेघ देतो. मोडीत आधी रेघ, मग अक्षर. आधी दोरी बांधायची, मग तिच्यावर धुणं वाळत घालायचं.” त्या दिवसापासून मी धुणे वाळत घालते आहे.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हात न उचलता भरभर लिहीत सुटायचे. त्यामुळे वाचणाऱ्याची परीक्षा असते. पहिल्याच महिन्यात एका साध्या पत्रातील ‘कागदावर’ हा शब्द मी ‘का गदा वर’ असा वाचला आणि गदा घेतलेला कुणी वीर पुढच्या ओळीत सापडतो का, म्हणून अर्धा तास शोधत बसले. पोस्टमास्तरकाकांनी शेवटी सांगितले, “बाळ, गदा मारुतीच्या देवळात आहे. इथं कागद आहे.”

मंडळात येणारी माणसे सांगितली पाहिजेत. पोस्टमास्तरकाका गावोगावच्या नावांची टिपणे करतात. चाळीस वर्षे पत्रांवरची नावे वाचल्यामुळे कुठल्या वाडीचे कुठले आडनाव हे त्यांना तोंडपाठ आहे. हायस्कूलमधल्या चित्रकलेच्या बाई वीरगळांची चित्रे काढतात. आमच्या भागात देवळांच्या आवारात, बांधावर, पिंपळाखाली असे दगड पुष्कळ आहेत. खाली लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बाईंनी मला हे दगड खालून वर वाचायला शिकवले. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टरकाका तालुक्यातल्या प्रत्येक वाडीची वाट जाणतात, म्हणून सहलीचा कार्यक्रम तेच आखतात. सोनारकाका नाण्यांवरची अक्षरे भिंगातून वाचतात आणि दर वेळी भिंग घरी विसरतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी व्याख्यान असते. वक्ता एक, श्रोते सहा, चहा दहा कप, कारण खालून ग्रंथपाल आणि त्यांचे दोन मदतनीस चहापुरते वर येतात. पावसाळ्यात छत गळते तेव्हा कागदांची कपाटे आधी सरकवायची आणि मग आपण सरकायचे, हा मंडळाचा अलिखित नियम आहे. लिखित नियम तीनच आहेत. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन करायचे नाही. शिळेला तेल, शेंदूर, रंग काहीही लावायचे नाही. आणि ज्याचा कागद त्याच्या संमतीवाचून नोंदवहीत घ्यायचा नाही. हा तिसरा नियम मला पुढे फार जड गेला.

अण्णांच्या मते हे वेड जुने आहे आणि आमच्या जिल्ह्याला ते जरा अधिकच लागलेले आहे. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तो वाईला मिळालेल्या पत्रांच्या आधारे. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली ती पत्रे. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. १९२६ सालच्या शेवटच्या दिवशी राजवाडे धुळ्याला वारले, तेव्हा त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी तिथेही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. आमचे मंडळ यांपैकी कुणाची शाखा नाही. पण राजवाडे पायी गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर चढले, हे सांगताना अण्णांचा आवाज असा होतो की जणू ते स्वतः शिडी धरून खाली उभे होते.

शिवजयंतीला मंडळात दोन पक्ष पडतात. पोस्टमास्तरकाका १९ फेब्रुवारीला पेढे आणतात, सोनारकाका फाल्गुन वद्य तृतीयेला. आम्ही दोन्ही दिवशी खातो. पहिल्या वर्षी मी विचारले की ही तिथी मुळात आली कुठून? अण्णांनी सांगितलेले उत्तर मी विसरणार नाही. पूर्वी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला मानत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, आणि तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पुढे अनेकांनी वाद घातले, इतर पुरावे आले, आणि २००१ पासून राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. “बघ,” अण्णा म्हणाले, “एका घराण्याने सांभाळलेल्या कागदानं साऱ्या महाराष्ट्राला आपली समजूत तपासायला लावली. घरातला कागद म्हणजे निखारा असतो, बाळ. फुंकर मारण्याआधी विचार करावा.”

मी विचार न करता फुंकर मारली.

आमच्या घराचा एक अभिमान आहे. नदीकाठी आमचा मळा आहे, त्याला सारे गाव ‘इनामाचा मळा’ म्हणते. त्याच्या पूर्वेच्या बांधावर एक वीरगळ उभा आहे. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लहानपणापासून मला सांगितले की तो वीर म्हणजे आपला मूळपुरुष. लढाईत पडला, आणि थोरल्या शाहू महाराजांनी त्याच्या मुलाला हा मळा इनाम दिला. दर दसऱ्याला आम्ही त्या शिळेला हार घालतो. मी शाळेत निबंध लिहिला होता, ‘माझा पूर्वज’, त्याला बक्षीसही मिळाले होते.

गावात आणखी एका आडनावाची दोन घरे आहेत. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या घरातल्या बायका सर्वपित्री अमावास्येला त्याच वीरगळापुढे नैवेद्य ठेवायच्या. का, ते कुणाला ठाऊक नव्हते. ‘त्यांची काहीतरी रीत आहे’ एवढेच आमच्या घरी म्हणत, आणि आपण येऊ देतो यात थोडा मोठेपणाही मानत. त्या घरची एक म्हातारी आजी नैवेद्यातली पुरणपोळी मोडून मला द्यायची. पुढे मळ्यात ऊस झाला, डुकरांचा उपद्रव वाढला, आणि आम्ही काटेरी तार ओढली. फाटकाला कुलूप आले. किल्ली मागायला दोन वर्षे त्या बायका आमच्या दारी आल्या. तिसऱ्या वर्षी आल्या नाहीत. तेव्हा मी नववीत होते. पुरणपोळी चुकली, एवढेच मला वाटले.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माळा झाडायला काढला आणि एका जुन्या हडप्याच्या तळाशी तांबड्या फडक्याचा रुमाल निघाला. आत कसर लागलेले पंधरा-वीस कागद. आबांना केवढा आनंद झाला! “इनामपत्र असंल बघ त्यात,” ते म्हणाले, “आता तुझ्या मंडळाला दाव म्हणावं.” मी कागद सावलीत पसरले, मऊ कुंचल्याने झाडले आणि एकेकाचे फोनवर छायाचित्र घेतले. त्यांत एकाच कागदावर नदीकाठच्या शेताचा उल्लेख मला लागला. तोच घेऊन मी माडी चढले.

तो एक कागद लावायला आम्हांला पाच रविवार लागले. प्रथम तारीख. वर ‘सन अर्बा मयातैन व अलफ’ असे होते. पेशवाईतल्या कागदांत वर्ष असे अरबी शब्दांत येते. अर्बा म्हणजे चार, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. एकूण १२०४. हा शुहूर सन. तो मृग नक्षत्राबरोबर सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की १८०३ येते, म्हणजे १८०३ च्या मृगापासून १८०४ च्या मृगापर्यंतचे वर्ष. अण्णा म्हणाले, “एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. दुसरी शोध.” दुसरी खूण खालीच होती, ‘शके १७२५ रुधिरोद्गारी नाम संवत्सरे’. पंचांगाच्या गणिताने शके १७२५ ला तेच संवत्सर येते. दोन्ही खुणा जुळल्या.

आणि थोरले शाहू महाराज वारले १७४९ साली. माझ्या पोटात काहीतरी हलले.

अण्णांनी त्या वर्षाचा हिशेब सांगितला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून गेला आणि वर्ष संपता संपता वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. फौजांनी मुलूख लुटला, उभी पिके गेली, आणि त्यावर पावसाने दगा दिला. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक मानतात. पाठ्यपुस्तकात आम्ही वसईचा तह पाच कलमांत पाठ केला आहे. त्या तहाच्या वर्षी आमच्या गावात कुणी काय खाल्ले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

चौथ्या रविवारी मजकूर उलगडला. ते इनामपत्र नव्हते, मिरासपत्र होते. मिरास म्हणजे वंशपरंपरेच्या मालकीची जमीन. लिहून देणारा सांगत होता की गावी धान्य मिळत नाही, गुरे मेली, घरची दोन माणसे गेली. उरली ती जगवावी म्हणून नदीकाठचे सहा बिघे शेत आपल्या खुशीने तुम्हांस दिले. मोल दोन मण जोंधळे आणि नऊ रुपये. पुढे चारी बाजूंच्या सीमा. त्यानंतर एक अट. पूर्वेच्या बांधावर वीराची धोंड आहे, तिला आमच्या वंशीचे दरसाल नैवेद्य करतील, त्यास तुम्ही हरकत करू नये.

लिहून घेणारे आम्ही होतो. लिहून देणाऱ्याचे आडनाव त्या दोन घरांचे होते.

मोठ्याने वाचणारी मीच होते, म्हणून थांबले तीही मीच. टेबलावर चहा तसाच राहिला. खाली साक्षीदारांची नावे होती. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढी. न्हाव्याचा आरसा होता, सुताराचे हत्यार होते. सर्वांत शेवटी शेत देणाऱ्याचे नाव, त्यापुढे ‘निशाणी नांगर’ असे शब्द, आणि त्या शब्दांशेजारी शाईने काढलेला एवढासा नांगर. कुणब्याची खूण नांगर, हे मी वर्षभरापूर्वीच वहीत लिहून घेतले होते. पण ज्या कागदाने शेत गेले त्याच कागदावर माणूस सहीसाठी नांगर काढतो, हे मी वहीत लिहिले नव्हते.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कंडक्टरकाका बराच वेळ गप्प होते. मग ते सावकाश म्हणाले, “त्या माणसाचं नाव तरी कागदावर आलं, पोरी. शेत होतं म्हणून आलं. आमच्या वाडवडलांची नावं सापडली तर वेठीला किती माणसं धरली त्या यादीत सापडतात. तिथंही पुष्कळदा नुसता आकडाच असतो.” त्यावर कुणी काही बोलले नाही. त्या दिवशी व्याख्यान नव्हते, पण मला वाटते मंडळातले सर्वांत मोठे व्याख्यान मी तेव्हाच ऐकले.

माझ्या मनात आता उलट लाट आली. मी म्हणाले, “अण्णा, म्हणजे तो वीर आमचा नव्हेच. तो त्यांचा पूर्वज. आम्ही त्यांचं शेत लुबाडलं आणि पूर्वजही पळवला. मी हे कॉलेजच्या अंकात छापणार.”

अण्णांनी चष्मा काढला. “कागदात ‘लुबाडलं’ कुठं आहे, दाखव.”

“पण दोन मण जोंधळे?”

“त्या वर्षी त्या गावात जोंधळ्याचा भाव काय होता ते सांगणारा दुसरा कागद आण, मग बोलू. आणि वीर त्यांचा पूर्वज, हे कुठं आहे? नैवेद्याचा हक्क राखला, एवढंच आहे. अशा घडणीचे वीरगळ यादवांच्या काळात नि त्याच्या मागेपुढे उभे राहिले. तो दगड तुम्हां दोघांच्याही कागदापेक्षा पाच-सहाशे वर्षं जुना. त्यावर अक्षर नाही. तो कुणाचा हे तो सांगत नाही. तू काल त्याला आपला म्हणत होतीस, आज त्यांचा म्हणतेस. काल अभिमानानं वाचलंस, आज लाजेनं वाचते आहेस. कागद कालही तोच होता.”

मला राग आला. खरे सांगते, रडूही आले. पण घरी जाताना बसमध्ये विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. शाळेतला माझा बक्षीस मिळालेला निबंध आणि मी आता लिहायला निघालेला लेख, दोन्ही एकाच हाताचे होते. दोन्हींत मी कागदाच्या पुढे धावत होते.

आबांना मी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाचून दाखवले. ते ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “दुष्काळात धान्य दिलं, त्ये वाईट केलं व्हय? त्या दोन मणांनी त्यांची माणसं जगली असतील.” मी म्हटले, “असतील, आबा. पण मग इनाम?” आबा उठले. रुमाल बांधून त्यांनी हडप्यात ठेवला, हडप्याला कुलूप घातले आणि म्हणाले, “हा कागद घराभायेर जायाचा न्हाय.”

पुढच्या रविवारी मी अण्णांना सांगितले. मला वाटत होते की ते म्हणतील, छायाचित्र तुझ्याकडे आहेच, नोंद करू. त्यांनी नोंदवही उघडलीसुद्धा नाही. “ज्याचा कागद त्याची संमती. तुझ्या फोनमध्ये आहे म्हणून तो तुझा होत नाही.” आठ महिने माझ्या फोनमध्ये तो नांगर होता आणि मी तो कुणालाही दाखवू शकत नव्हते. प्रकल्प मी दुसऱ्याच विषयावर दिला, गावच्या बारवेवर. वीसपैकी सतरा मिळाले.

त्या आठ महिन्यांत आबा मला काही बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन येणारे आबा आता परत यायला उशीर करू लागले. आई सांगे, बांधावर बसलेले असतात. भाद्रपद लागला आणि एके दिवशी जेवताना त्यांनी अचानक मला विचारले, “त्या कागदात हरकत करू नये म्हटलंय, ते नक्की तसंच हाय का तुज्या मनाचं?” मी म्हटले, “अक्षर न् अक्षर तसंच आहे.” आबांनी ताटात पाणी ओतले. “सकाळी नानांना बोलावून आण.”

नाना म्हणजे त्या घरातले सर्वांत वडील. मला पुरणपोळी देणाऱ्या आजीचे धाकटे दीर. ती आजी आता नाही. नाना आले, ओट्याच्या पायरीशी उभे राहिले. आबा म्हणाले, “वर या, बसा.” खुर्ची दिली तरी ते कडेवरच टेकले. मी कागद वाचला. कठीण शब्द सोपे करून सांगितले. माझा आवाज दोनदा अडकला, पण मी मधले काही गाळले नाही आणि पदरचे काही घातले नाही.

नानांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “किती बिघं म्हणालीस, ताई?”

“सहा.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला वाटायचं, आमचं कधी काय नव्हतंच.”

मग त्यांनी नांगर दाखवायला सांगितला. मी कागद त्यांच्यापुढे धरला. नानांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरलेला. ते वाकून पाहत राहिले. बोट जवळ नेले, पण लावले नाही. “इसाड बरोबर काढलंय,” ते म्हणाले, “रुमणंबी हाय. नांगर धरणाऱ्याचाच हात हाय ह्यो.”

आबा काहीच बोलले नाहीत. नाना गेल्यावरही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले तेव्हा पूर्वेच्या बांधाची तार दोन खांबांच्या मध्ये कापलेली होती. तिथे कुलूप नसलेले, बांबूचे सरकते फाटक बसवले होते. शिळेभोवतीची घाणेरी काढून टाकली होती. सर्वपित्रीला त्या दोन्ही घरच्या बायका आल्या. मी दुरूनच पाहिले. मला कुणी पुरणपोळी दिली नाही, आणि मागायला जाण्याचे वय आता राहिलेले नाही.

यातून फार काही झाले असे मी म्हणणार नाही. मळा आमच्याकडेच आहे. गावात अजून लोक त्याला ‘इनामाचा मळा’ म्हणतात, आणि दसऱ्याला आबांनी नेहमीप्रमाणे त्या शिळेला हार घातला. कुणाचा म्हणून घातला, ते मी विचारले नाही. मात्र त्यानंतरच्या रविवारी ते स्वतः, हडप्यातला रुमाल काखेत घेऊन, माझ्याबरोबर एस.टी.ने आले आणि वाचनालयाचा जिना चढले. अण्णांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. सोनारकाकांचे भिंग त्या दिवशी नेमके आठवणीने आलेले होते. आबांनी त्यातून पहिल्यांदाच तो नांगर नीट पाहिला. त्यांनी मूळ कागद दिला नाही, नक्कल घेऊ दिली. मंडळाचा आग्रहही तेवढाच असतो.

माझ्या मैत्रिणी अजून विचारतात की त्या म्हाताऱ्या माणसांत दर रविवारी जाऊन तुला काय मिळते? वीस गुण तर कधीच संपले. मला मोडी आली, तारखा काढता आल्या, वीरगळ खालून वर वाचता आला, हे खरे आहे. पण हे सारे पुस्तकातूनही शिकता आले असते. एकटीने पुस्तक वाचताना मला कुणी ‘दाखव, कुठं आहे?’ असे विचारले नसते. ते विचारायला समोर माणसे लागतात, त्यांच्यावर रागावून पुन्हा पुढच्या रविवारी जाता येईल अशी खोली लागते, आणि मध्ये चहा लागतो.

नक्कल झाल्यावर अण्णांनी नोंदवही उघडली. क्रमांक घातला, तारीख घातली. ‘शेरा’ या रकान्यात काय लिहावे म्हणून त्यांनी लेखणी माझ्या हातात दिली. माझ्या मनात पुष्कळ काही होते. मी लिहिले, “मिरासपत्र, शके १७२५. नैवेद्याचा हक्क राखून. निशाणी नांगर.”

अण्णांनी वाचले, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)